डिसेंबरात माए होंग सोन

परदेशात डोंगरातनं मोटारसायकल मारायची म्हटलं की आमच्या ग्रुपात पहिलं नाव निघतं व्हिएतनामच्या हा जियांगचं. फोटो बघाल तर नाद खुळा, त्यात वाद नाही. तरी मी त्यावर फुली मारली आणि थायलंडचं माए होंग सोन धरलं, ते लायसन्समुळं. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम मानतं १९६८ चा व्हिएन्ना करार. म्हणजे आपली पुस्तिका तिथं चालत नाही. गाडी भाड्यानं देणारे देतात, पण घाटात पडलो तर इन्शुरन्सवाला आधी लायसन्सच मागणार. त्या पैशांवर पाणी सोडून फिरायची आपली तयारी नाही.

थायलंड मात्र १९४९ वाल्यांत आहे. वर तिथं गाड्या डावीकडून चालतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसभर वळणं घेऊन दमलेला माणूस पंपावरून बाहेर पडताना सवयीच्याच बाजूला वळतो. म्हणून माए होंग सोनचा फेरा ठरवला: चियांग माई, पाय नावाचं गाव, माए होंग सोन, माए सारियांग आणि परत चियांग माई. साधारण ६०० किलोमीटर, आणि वळणं म्हणे १,८६४. तेवढी फिरून आलेल्याला माए होंग सोनात सर्टिफिकेटही देतात. सोबत येणारा मित्र त्याची फ्रेम कुठं टांगायची यावर आत्तापासून भांडतोय.

परवान्याची फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यात 'ए' म्हणजे मोटारसायकल, 'बी' म्हणजे कार. पुस्तिका हातात आली की 'ए' वर शिक्का पडलाय का, ते खिडकीसमोर उभं राहूनच बघायचं. प्रवास विम्याच्या कागदातही दुचाकी धरलीय का आणि किती सीसीपर्यंत, ती बारीक अक्षरं वाचायची. एजंट 'सगळं कव्हर आहे साहेब' म्हणतो, ते लेखी मागायचं.

अंतराच्या बाबतीत आपली सवय घात करते. चियांग माई ते पाय १३० किलोमीटर. आपण म्हणणार, कोल्हापुरातनं बेळगावच्या जरा पुढं, नाष्टा करून निघू आणि जेवायला पोचू. पण त्या १०९५ नंबरच्या रस्त्याला तीन तास धरायचे, आणि थांबत गेलो तर अर्धा दिवस. करूळ घाट उतरून वैभववाडीत चहाला थांबायचं आणि लगेच पुढचा घाट, असं दिवसभर चाललंय असं समजा. म्हणून रोज एकच टप्पा. पुढं माए होंग सोन साधारण ११० किलोमीटर, माए सारियांग १६५, आणि शेवटचा दिवस १९० चा. परतताना वाटेत दोई इंथनोन लागतं, थायलंडमधलं सगळ्यात उंच शिखर, २,५६५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६.

आता गाडी. मित्राला होंडाची सीआरएफ ३०० एल हवी, कारण ती फोटोत भारी दिसते. तिच्या सीटची उंची ८८० मिलिमीटर. माझी बुलेट ८०५ ची. ७५ मिलिमीटरनं काय होतंय, असं त्याचं म्हणणं. मी त्याला उद्यमनगरात वर्कशॉपवर नेलं, पॅटर्नचे लाकडी ठोकळे एकावर एक रचले, हाइट गेजनं ८८० लावून घेतलं आणि म्हटलं, 'बस.' दोन्ही बुटांची फक्त टोकं टेकली. 'आता एका बाजूला दरी आहे आणि मागं बॅग बांधलीय असं समज,' म्हटल्यावर गडी गप उतरला. होंडाचीच सीबी ५०० एक्स ८३० च्या आसपास आहे, वजनाला जड, पण पाय पुरतात. गाडी घेताना अनामत म्हणून पासपोर्ट मागतात, तो अजिबात ठेवायचा नाही. रोख अनामत घेणारा बघायचा. ताब्यात घेण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, जुन्या ओरखड्यांसकट.

बाकी किरकोळ. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई, तिथनं बँकॉक आणि पुढं चियांग माई. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. जॅकेट आणि हेल्मेट इथलंच नेणार, दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट मला जमत नाही.

खरी अडचण महिन्याची. तिकडं नोव्हेंबर ते जानेवारी हवा थंड आणि कोरडी. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं जाळतात, त्या धुरात समोरचा डोंगरही दिसत नाही. त्यानंतर पाऊस. म्हणजे जायचं तर डिसेंबरात, आणि डिसेंबरात आमच्या उसाची तोड. कारखान्याच्या तोडीचे नंबर लावणाऱ्या चिटबॉयला विचारलं तर म्हणतो, 'दादा, तुमचा नंबर पंधरा तारखेच्या आत नाहीतर नंतर.' भाऊ म्हणतो जा, मी बघतो. आई म्हणते, ट्रॉली भरल्याशिवाय कुणी हलायचं नाही. तिकिटं तारीख बदलता येतील अशी घेतोय, थोडी महाग पडली तरी.