तुम्ही विचारलंत म्हणून: काचबिंदू कुणाला जास्त होतो?

"काचबिंदू आपल्या लोकांना जास्त होतो का हो?" शिबिरात डोळे तपासताना हे कुणीतरी विचारतंच. दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या भाचीनंही विचारलं. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्मवर वंशाचा रकाना होता. "मावशी, डोळ्यांना कसला गं वंश?"

असतो, निदान काचबिंदूच्या बाबतीत. काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा: डोळ्यामागची नस हळूहळू खराब होते, बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढल्यामुळे. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. कोपरा उघडा, पण जाळीतून पाणी नीट जात नाही, हा एक प्रकार. कोपराच अरुंद, आयरिस (बुबुळाचा रंगीत पडदा) पुढे येऊन वाट अडवते, हा दुसरा, म्हणजे बंद कोपऱ्याचा. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून 2014 साली जो हिशोब मांडला गेला, त्यात 40 ते 80 वयातल्या साधारण साडेतीन टक्के लोकांना काचबिंदू निघाला. उघड्या कोपऱ्याचा आफ्रिकेत सर्वाधिक, 4.2 टक्के, बंद कोपऱ्याचा आशियात. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर तर चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांत सुमारे 7 टक्के.

जपानची गोष्ट मी शिबिरात मुद्दाम सांगते. ताजिमी शहरातल्या पाहणीत उघड्या कोपऱ्याच्या काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यांतल्या शंभरातल्या 92 जणांचं डोळ्याचं प्रेशर 21च्या आतच होतं, म्हणजे आपण ज्याला नॉर्मल म्हणतो तेवढंच. "प्रेशर बरोबर आलं, मग काचबिंदू नाही ना?" असं विचारणाऱ्याला मी म्हणून लगेच हो म्हणत नाही. डोळ्यामागची नस बघायलाच हवी.

आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत. 2010च्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढचे 1 कोटी 12 लाख लोक काचबिंदूचे. पण मला झोप येऊ देत नाही तो आकडा वेगळाच आहे. श्रीमंत देशांत निम्म्या रुग्णांना आपला आजार ठाऊक नसतो; आपल्याकडे दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये दहातल्या नऊ जणांना ठाऊक नव्हता. म्हणून कुठे किती टक्के, यापेक्षा कुठे किती जणांना वेळेवर कळलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू, नावं सख्ख्या भावांसारखी. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, म्हणून लोक काचबिंदूलाही म्हणतात, "पिकू दे, मग बघू." काचबिंदू पिकत नाही. त्यात गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशननं परत येत नाही. उरलेली तेवढी थेंबांनी, लेझरनं, नाहीतर शस्त्रक्रियेनं राखता येते.

आमचे अप्पा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. ताटाच्या कडेची वाटी लवंडायची. आम्ही "लक्ष कुठंय?" म्हणून ओरडायचो. त्यांना पेपर व्यवस्थित वाचता येत होता, म्हणून डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही. बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटी. कळलं तेव्हा त्यांचा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. तेव्हा मी या कामात नव्हते. असते तरी घरच्या माणसाकडे तशा नजरेनं पाहिलं असतं का, माहीत नाही.

जगात 2013 साली 6 कोटी 43 लाख रुग्ण होते, 2040 पर्यंत 11 कोटी 18 लाख होतील असा त्याच 2014च्या हिशोबाचा अंदाज. वाढ मुख्यतः आशिया आणि आफ्रिकेत. कारण साधं आहे: आपली माणसं आता म्हातारी होईपर्यंत जगतायत, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. जगतायत याचा आनंदच आहे. पण रोजचे थेंब, तेही जन्मभर, परवडणार कसे आणि नस तपासणारा माणूस तालुक्याला मिळणार कधी, याची तयारी मला तरी दिसत नाही.

अप्पांचं कळल्यावर त्यांच्या भावंडांना तपासून घेतलं, कारण रक्ताच्या नात्यात धोका कितीतरी पटींनी वाढतो. धाकट्या आत्याचा कोपरा अरुंद निघाला. लेझरनं आयरिसला बारीक छिद्र केलं, काही मिनिटांचं काम. आज ती सुईत दोरा स्वतः ओवते.

भाचीला म्हटलं, वंशाच्या खाली अजून एक रकाना असेल बघ, घरात कुणाला काचबिंदू आहे का म्हणून. तिनं तो कोरा सोडला होता. "आजोबांना," मी म्हटलं, "पुढच्या वेळी लिही. आणि तुझ्या आईलाही तपासायला घेऊन जा."