नागरिकता आणि सोसायटीचं लेटरहेड

सीता आमच्या वॉचमनची बायको. मूळची नेपाळची, बोरिवलीत बरीच वर्षं झाली. जेवली की पोटात कळ यायची. गल्लीतले डॉक्टर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत राहिले. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. खासगीतला खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मी तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले.

केसपेपरला काही अडलं नाही. नाव, वय, पत्ता, झालं. तपासलंही नीट. अडचण सुरू झाली ती ऑपरेशनची तारीख आणि बाहेरून आणायच्या सामानाची यादी हातात पडल्यावर.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, रेशनकार्ड मागितलं, नाहीतर अधिवास दाखला. दोन्ही नाहीत. १९५०च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे व्हिसाशिवाय राहता येतं, नोकरी करता येते. योजनेच्या खिडकीवर त्याचा काही उपयोग नाही. सीताकडे होती फक्त 'नागरिकता', म्हणजे नेपाळचा नागरिकत्वाचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. त्यावर जन्मसाल २०४५! खिडकीतल्या बाई आधी कागदाकडे, मग सीताकडे बघत राहिल्या. नेपाळात विक्रम संवत चालतं, ५७ वजा करा, असं मी सांगितल्यावर कुठे चेहरा सैल झाला. योजना नाही ती नाहीच, पण त्यांनीच समाजसेवा विभागाची खोली दाखवली.

तिथे पुअर बॉक्स फंडातून, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून, मदत मिळू शकते, हे सोबत कुणी माहीतगार नसेल तर कळणार कसं? त्यांना हवा होता राहण्याचा आणि मिळकतीचा पुरावा. ही मंडळी राहतात मीटरच्या खोलीशेजारी, पगार रोख. भाडेकरार कुठून आणायचा? म्हणून सोसायटीचं पत्र मागितलं, तर कमिटीत खल सुरू. "उद्या खोलीवर हक्क सांगितला तर?" रात्री-अपरात्री ज्याला गेट उघडायला लावतो, त्याला तो इथे राहतो एवढं लिहून द्यायचीही भीती! शेवटी 'नोकरीपुरता निवास' असे शब्द घातले, तेव्हा सेक्रेटरींची सही झाली.

फंडातून सामानाचा बराचसा खर्च निघाला. उरलेला बिल्डिंगमधल्या चार घरांनी उचलला.

भाषेचं वेगळंच. डॉक्टर घाईत हिंदी-मराठी मिसळून बोलायचे आणि सीता सगळ्याला "हजूर" म्हणायची. लिपी देवनागरीच, त्यामुळे संमतीपत्र तिने अक्षर लावून वाचलं. समजलं किती, ते मी विचारल्यावर कळलं. मग सिस्टरनी वॉर्डातल्या एका नेपाळी पेशंटच्या भावाला बोलावून तिला सगळं समजावून सांगायला लावलं. रात्रीपासून पाणीही प्यायचं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

ऑपरेशन नीट झालं. टाके काढायच्या दिवशी नवरा सोबत येऊ शकला नाही, कारण गेटवर बदली माणूस नव्हता.

गेल्या वर्षभरात इथे किमान १८२ दिवस राहिलेल्या नेपाळी नागरिकाला पासपोर्ट नसला तरी, नागरिकता आणि नेपाळी दूतावासाचं फोटो-ओळखपत्र दाखवून आधार कार्ड काढता येतं. दोघांचे अर्ज भरायचे आहेत. पत्त्यासाठी परत कमिटीकडेच जायचंय.