तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याची नवी जात मान्य कशी होते?

"दोन जातींचा संकर केला, पिल्लं देखणी निघाली. केनेल क्लबात नवी जात म्हणून नोंद होईल का?" वंशावळी तपासायचं काम करतो, त्यामुळे हे मला नेहमी विचारलं जातं.

इतक्यात नाही होणार. पहिल्या संकराची पिल्लं बरीचशी एकसारखी दिसतात, तिथेच माणूस फसतो. त्यांचीच आपसात जोडी लावून बघा: एकाच वेतात कुरळ्या केसांचं एक, सपाट केसांचं एक, तिसऱ्याचे पाय भलतेच आखूड. सारख्याच्या पोटी पिढ्यान् पिढ्या सारखंच यायला लागलं, की मग जात म्हणायची. आणि ते सिद्ध करते ती तुमची वही. फसलेली वेतंही जिच्यात लिहिलीत, अशी वही.

नियम क्लबागणिक वेगळे. अमेरिकन केनेल क्लबाला पूर्ण मान्यतेसाठी तीन पिढ्यांची वंशावळ असलेले निदान 300 कुत्रे लागतात, तेही 20 किंवा जास्त राज्यांत पसरलेले. शिवाय जातीचं लेखी मानक आणि 100 घरांची सभासद-संस्था. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफसीआय, आधी तात्पुरती मान्यता देतो आणि निदान दहा वर्षं वाट पाहायला लावतो. इटलीच्या लागोट्टो रोमान्योलोला तात्पुरती 1995 मध्ये मिळाली, कायमची 2005 मध्ये. जर्मनीत 1984 साली यॉर्कशायर टेरियरच्या पोटी पांढरे ठिपके असलेलं पिल्लू जन्मलं. त्यातून झालेल्या बीव्हर टेरियरला अमेरिकन क्लबाने पूर्ण मान्यता दिली ती 2021 मध्ये. मला हा उशीर योग्यच वाटतो. घाई केली की मोजक्या नरांवर सगळी जात उभी राहते आणि आजार पिल्लांच्या वाट्याला येतात.

तीन पिढ्यांच्या कागदावर 14 चौकोन असतात: आईबाप 2, आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8. मध्यंतरी एक गृहस्थ आपल्या कुत्रीचा कागद घेऊन आले. तेरा चौकोन शाईने भरलेले, चौदाव्यात पेन्सिलीने 'शेजारचा काळा'. खोटं नाव लिहिणं सोपं होतं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. कागद परत द्यावाच लागला, पण सोबत सांगितलं: पूर्ण वंशावळीचा नर शोधा. पुढच्या वेतातल्या पिल्लांच्या कागदावर तो चौकोन येणारच नाही.