बेल्जमची काच

आमच्या अमळनेरच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीत बसवलेलं एक काचेचं कपाट आहे. घर बांधताना त्याला ‘शोकेस’ म्हटलं, आणि घरातली बिनकामाची प्रत्येक वस्तू हळूहळू तिथे जाऊन बसली. लग्नात आहेर आलेला लेमन सेट, म्हणजे एक जग आणि सहापैकी उरलेले चार ग्लास. काकाला कबड्डीत मिळालेला कप. कुणीतरी काश्मीरहून आणलेला शिकारा. आणि मधल्या फळीवर, मागे आरसा लावून, तो हात.

हात म्हणजे खरोखरच हात. काचेचा, वीतभर उंच. बोटांनी एक छोटी फुलदाणी धरलेली, मनगटात बांगडी. रंग गुळाच्या पाकासारखा. पण जरा तिरकं होऊन बघितलं की त्यावरून जांभळा, हिरवा, निळा असा एक पदर सरकतो, कबुतराच्या मानेवर सरकतो तसा. करंगळीचं टोक उडालेलं आहे. ते मी चौथीत असताना उडवलं. घरात कळलं तेव्हा मी मांजराचं नाव घेतलं होतं, आणि ते आजवर मागे घेतलेलं नाही.

“हात नको लावू, बेल्जमनी से ती!” जिजी ओरडायची. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आजोबांनी ती फुलदाणी मुंबईहून आणली, असं तिचं म्हणणं.

आपल्याकडे जुनी काच म्हटली की ती बेल्जमचीच. वाड्यातला आरसा बेल्जमचा, देवघरातली हंडी बेल्जमची, झुंबर तर विचारूच नका. हे अगदीच हवेतलं नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधून खिडक्यांची आणि आरशांची काच जगभर जायची. लिएजजवळच्या व्हाल सँ लांबेर कारखान्यात १८२६ पासून पैलू पाडलेली बिलोरी भांडी निघत. पण मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? व्हेनिसने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने सगळ्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या आणि पुढची कित्येक शतकं त्या बेटाने जगाचे डोळे दिपवले. इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ च्या सुमारास काचेत शिसं घालून तिला वजन, चमक आणि टिचकी मारली की घुमणारा आवाज दिला. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर कलकत्त्यात दुकान थाटून आपल्या राजेरजवाड्यांना झुंबरं विकली. त्या सगळ्यांचं खातं आपण एकाच नावावर मांडून मोकळे झालो.

मागच्या दिवाळीत आवराआवर करताना मी तो हात खाली काढला. साबणाच्या पाण्यात बुडवला, आतली धूळ निघाली, आणि बुडाशी काचेतच उठलेली चार इंग्रजी अक्षरं दिसली. जे, ए, आय, एन.

जळगाव जिल्ह्यात ही चार अक्षरं दिसली की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी जैन कंपनीच्या ठिबक सिंचनाच्या नळ्या येतात. माझंही तेच झालं. मग शोधाशोध केली, तर हा निघाला फिरोजाबादचा, आग्र्याजवळचा. तिथल्या जैन ग्लास वर्क्सने असे हात काढले, मासे काढले, नाना तऱ्हेच्या फुलदाण्या काढल्या. परदेशात लोक त्या हौसेने जमवतात. ही काच तिकडे ओळखली जाते ती ‘कार्निव्हल ग्लास’ म्हणून, म्हणजे आपल्या भाषेत जत्रेतली काच.

तिची गंमत अशी. जुनी रोमन भांडी शतकानुशतकं जमिनीत पुरलेली राहिली की ओलीने त्यांचा वरचा थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, आणि उजेड त्यातून फुटून सप्तरंगी दिसतो. डबक्यात सांडलेल्या रॉकेलवर दिसतो तोच खेळ. अमेरिकेत टिफनीने १८९० नंतर तो रंग भट्टीतच आणला, आणि श्रीमंतांनी तो भारी भावात घेतला. मग १९०७ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कंपनीने तो सगळ्यांना परवडेल असा केला. काच साच्यात दाबून घ्यायची आणि गरम असतानाच तिच्यावर लोखंडाच्या, कथलाच्या क्षारांचा फवारा मारायचा. पुढे हा माल इतका स्वस्त झाला की जत्रेतल्या खेळात बक्षीस म्हणून वाटत असत म्हणे. नाव त्यावरून पडलं. हे वाचलं आणि मला आजोबांच्या मुंबईची शंका यायला लागली. वैशाखात आमच्या बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची जत्रा भरते, आणि आजोबा ती कधी चुकवत नसत.

लहानपणी त्या पात्रात खेळताना मला एक प्रश्न पडायचा. काच वाळूची होते म्हणतात, मग एवढी वाळू असून आपल्याकडे काच का होत नाही? उत्तर पुढे फार उशिरा कळलं. आपली बोरीची, तापीची वाळू काळ्या खडकाची. तिच्यात लोखंड ठासून भरलेलं. काचेला लागते पांढरी, जवळजवळ निव्वळ सिलिकाची वाळू. लोखंड थोडं जरी असलं तरी काच हिरवट होते. ती वाळू एकटीच वितळवायची तर १७०० अंशांच्या आसपास भट्टी पेटवावी लागेल, म्हणून सोडा घालून तो आकडा खाली आणतात. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना. बाकी उष्णतेपुरतं बोलायचं तर भुसावळच्या मे महिन्याने आपल्याकडून प्रयत्न केलेला आहे.

काच करण्यापेक्षा निववणं अवघड. भट्टीतून काढून तशीच ठेवली तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, आणि त्या ओढाताणीत ती कधीही तडकते. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत सावकाश थंड करतात. लेमन सेटचे दोन ग्लास गेले ते याच ओढाताणीने, फक्त उलटीकडून. पाहुण्यांपुढे ऐट म्हणून आईने त्यात उकळता चहा ओतला होता.

शोकेसबाहेर घरात जी काच होती, ती खरी राबणारी. कंदिलाची काच. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या मळ्यात माझ्या लहानपणापर्यंत होता. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा जमवून. कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेला राखेने पुसायची, आणि ते काम पोरांचं, कारण आत जाईल असा हात पोरांचाच. त्या काचेला कुणी बेल्जमची म्हटलं नाही, आणि ती माझ्या हातून फुटलीही नाही.

आणि बांगड्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्या ओट्यावर कासारापुढे हात करून बसायच्या. तो हात दाबत दाबत हिरवी बांगडी अशी सरकवायचा की आत्याच्या तोंडून हूं निघायच्या आत ती मनगटात. त्याही फिरोजाबादच्याच असणार. तिथे वितळलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, मग कापून एकेक वेढं सुटं करतात आणि दोन्ही टोकं ज्योतीवर धरून जोडतात. म्हणजे शोकेसमधला तो हात आणि आत्याच्या मनगटातली बांगडी, दोघी एका गावच्या माहेरवाशिणी.

जिजीला हे सांगणं भाग होतं. ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती.

“जिजी, ती फुलदाणी बेल्जमची नाही. खाली नाव आहे.”

“काय नाव से?”

“जैन.”

तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “मंग बेल्जमना जैन व्हई तो.”

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या बाजारात पालनपूरच्या जैनांनी कधीच पाय रोवलेत. तिथे त्यांचं संगमरवरी देरासर, म्हणजे जैन मंदिरसुद्धा आहे. आता हिला खोटं पाडायचं तरी कसं?

हात पुसून पुन्हा मधल्या फळीवर ठेवला, तुटकी करंगळी मागे करून. आरशात ती दिसतेच.