नव्या ट्रक ड्रायव्हरच्या टूलबॉक्समध्ये काय हवं

मालकाकडून चावी घेताना नवा ड्रायव्हर डिझेल बघतो, कागद बघतो, टूलबॉक्स मात्र उघडत नाही. गाडीबरोबर आलेली अवजारं दोन-तीन ड्रायव्हर बदलले की नाहीशी झालेली असतात. उरतो तो दुसऱ्याच गाडीचा पान्हा आणि तेल गळणारा जॅक. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी गाडी आवारात उभी असतानाच एक चाक स्वतः खोलून परत बसवा. काय कमी आहे ते तिथेच कळतं.

कुठली वस्तू घ्यायची याची कसोटी सोपी आहे: रात्री दोन वाजता, कसारा घाटाच्या पायथ्याशी, मदतीला फक्त क्लीनर असताना ही वस्तू मला वापरता येईल का? येणार नसेल तर ती मिस्त्रीकडेच बरी. इंजिन खोलायचे महागडे सॉकेट सेट नव्या माणसानं बाळगण्यात अर्थ नाही. इथे दहा-बारा चाकी, २४ व्होल्टची बीएस-६ (धुराचे नवे नियम पाळणारी) गाडी धरून लिहिलं आहे.

चाकापासून सुरुवात करू. जॅक हायड्रॉलिक, २० टनांचा. त्याच्याखाली घालायला दीड फूट लांब, दोन इंच जाड बाभळीची फळी हवीच. प्लायवूडचा तुकडा भरलेल्या गाडीखाली फुटतो आणि साइडपट्टीच्या मुरमात जॅक तिरका होतो. चाकांना लावायला किमान दोन लाकडी ठोकळे घ्या. बऱ्याच गाड्यांच्या चाकाच्या नटाला ३२ किंवा ३३ मिमीचा पान्हा लागतो. एका मिलिमीटरनं मोठा पान्हा नटाच्या कडा गोल करतो आणि मग तो नट गॅस कटरशिवाय निघत नाही. पान्ह्यावर चढवायला तीन-चार फुटांचा पाइप ठेवा. जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. पाइप लावून जोर करण्याआधी एवढं बघून घ्या.

चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक लावायचा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे. चाक आणि हब एकमेकांना टेकतात तिथला गंज, रंग, माती काढायला तारेचा ब्रश लागतो. हा ब्रश स्वस्त असतो आणि कोणाकडेच नसतो. घाण अडकून राहिली की धक्क्यांनी ती दबते आणि घट्ट आवळलेला नट ढिला पडतो. त्यामुळे ५० ते १०० किलोमीटरवर थांबून सगळे नट पुन्हा आवळायचे. नटाच्या कडेनं गंजाची तांबूस रेघ उतरलेली दिसली, तर तो नट हलतो आहे असं समजा.

टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, टायरवर मारून आवाजावरून हवा ओळखायची जुनी पद्धत आहे. जोडचाकातलं एक पूर्ण बसलं असेल तर ती कामाला येते, पण ११० पीएसआय आणि ८० पीएसआय यांतला फरक कानाला कळत नाही. आतल्या चाकाच्या वॉल्व्हपर्यंत पोचणारा, लांब दांड्याचा गेज घ्या. हवा टायर थंड असताना मोजा. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो जास्त समजून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो, बाजूनं वाकत राहतो आणि फुटतो. वॉल्व्हच्या पिना आणि टोप्या चार-चार ठेवा. जोडचाकात अडकलेला दगड टॉमीनं काढा. वेगात सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर जातो. ट्यूबच्या चाकाला लॉक रिंग असेल तर हवा भरताना समोर उभं राहू नका, क्लीनरलाही उभं करू नका. रिंग उडाली तर जीव जातो.

स्टेपनीचा दाबही मोजा. चेसिसखाली टांगलेल्या स्टेपनीची साखळी गंजून बसलेली असते. तिला अधूनमधून तेल द्या.

आता हवेची लाइन, म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारे पाइप. नव्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त घाबरवते ती हीच. नायलॉनचा पाइप चेसिसला घासून किंवा सायलेन्सरच्या आचेनं फुटतो, हवेच्या टाकीतली हवा उतरते, स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर लागणारे) आपोआप लागतात आणि गाडी जागच्या जागी खिळते. आपल्या गाडीत कुठल्या मापाचे पाइप आहेत ते आधी बघा आणि प्रत्येक मापाचा एक मीटर पाइप व दोन सरळ जॉइंट डब्यात ठेवा. फुटलेला भाग काढताना चाकांना ठोकळे लावा, टाकीतली हवा पूर्ण सोडा आणि पाइप धारदार ब्लेडनं काटकोनात कापा. पक्कडीनं कापला तर तोंड चपटं होतं आणि जॉइंटमधून हवा सुटते. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. हे काम पुढच्या गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतंच आहे. त्यावर घाट उतरू नका.

पाइप जोडता आला नाही आणि गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायचीच असेल, तर स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरला हातानं सोडवायचा बोल्ट असतो. तो कुठे आहे आणि त्याला कुठला पान्हा लागतो हे आवारातच मिस्त्रीकडून शिकून घ्या. बोल्ट फिरवण्याआधी ठोकळे घट्ट बसवायचे, कारण त्यानंतर त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही. चेंबरचा पट्टा मात्र कधीही खोलायचा नाही. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर मारते.

विजेचं सामान एका डब्यात मावतं: हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटरचे २४ व्होल्टचे दोन-दोन बल्ब, इन्सुलेशन टेप, थोडी वायर, टेस्ट लॅम्प आणि फ्यूज. १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर घासते आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार लावली की वायरिंग जळतं. मोबाइलचा चार्जर १२-२४ व्होल्ट असं लिहिलेला घ्या. पंख्यासाठी किंवा टेपसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची सवय फार पसरली आहे. त्यानं एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. कन्व्हर्टर लावा.

डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात आणि आपण ज्याला युरिया म्हणतो, त्याचा सीलबंद डबा जवळ असू द्या. साधारण १०० लिटर डिझेलला पाच लिटर लागतो. ही टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद उतरते, आणि ते नेमकं चढावर महागात पडतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी असतं. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओतला तर इंजेक्टर चोंदतो आणि सायलेन्सरमधला कॅटलिस्ट खराब होतो. तो खर्च बघून मालक पगारच कापेल. चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ पडलं तर स्टार्टर मारू नका, चावीही फिरवू नका.

गाडी बंद पडली की मागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची आपल्याकडे रीत आहे. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पहाटे दुचाकीवाला त्यावर जातो. दोन रिफ्लेक्टर त्रिकोण आणि दोन जॅकेट घ्या. एक त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. डोक्याला लावायची बॅटरी घेतलीत तर दोन्ही हात मोकळे राहतात.

ताडपत्रीला भोकं पडतातच, म्हणून ठिगळाचा तुकडा, सुतळी, दाभण आणि एक जास्तीचा नायलॉन रस्सा. केबिनमध्ये २० लिटर पाणी, ओआरएस, प्रथमोपचाराची पेटी, मच्छरदाणी. काचा बंद करून कॉइल लावू नका आणि केबिनमध्ये गॅस पेटवू नका.

कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर चालतात. तरी मोबाइल बंद पडतो, पॉवर बँक ठेवा. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी बिघडून अडकलात तर ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच कळवा, कारण मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर त्या गाडीचा नंबर बिलाच्या भाग ‘ब’मध्ये चढल्याशिवाय हलू नका.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, इतर कुठेही ११२. फोन लावण्याआधी जवळच्या दगडावरचा किलोमीटर आकडा आणि तुम्ही कुठल्या दिशेच्या लेनमध्ये आहात ते बघून घ्या. नुसतं ‘नाशिकच्या पुढे’ म्हटलं तर क्रेन पलीकडच्या बाजूला येते.