ख्रिस्ती म्हणून मत कुणाला द्यायचं, मी कसं ठरवलं (माझा अनुभव)

२०२४ च्या विधानसभेची गोष्ट आहे, मुंबईत मतदान २० नोव्हेंबरला होतं. आमचं घर मराठी ख्रिस्ती, आजोबा नगरहून भायखळ्याला आले तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्यात निवडणूक आली की पहिला प्रश्न एकच, आपला कुणी उभा आहे का? यावेळी होता एक, अपक्ष. मामा लगेच म्हणाले, बघ, बायबलात निर्गमाच्या १८ व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो ना, देवाला भिणारी माणसं निवड, झालं की मग.

मी म्हटलं मामा, पूर्ण वचन वाचा ना. तिथे लायक पाहिजे, खरं बोलणारा पाहिजे आणि लाचेचा तिटकारा असणारा पाहिजे असंही आहे, नुसता ख्रिस्ती असून कसं चालेल? आणि धर्माच्या नावाने मत मागणं तर कायद्यानेही चालत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते भ्रष्ट आचरण धरतात. यावरची गाजलेली केस आपल्या सांताक्रूझचीच, १९९० ची निवडणूक आणि सुप्रीम कोर्टाच्या सात जजांचा निकाल लागला २०१७ ला! मामा म्हणाले, बरं बरं, चहा घे.

दुसरीकडे फॅमिली ग्रुपवर अमेरिकेतले फॉरवर्ड सुरू, की ख्रिस्ती माणसाने फक्त गर्भपाताच्या मुद्द्यावर मत द्यायचं, बाकी सगळं गौण. मला गर्भपात पटत नाही हे मी उघड सांगते, पण आपल्याकडे त्याचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ ला काही केसेससाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, आणि आमच्या मतदारसंघात एकही उमेदवार यावर चकार शब्द बोलत नव्हता, मग त्या फॉरवर्डचं मी इथे करू काय? माझी वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणाली की पोप फ्रान्सिसना सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी बाळं मारणं आणि स्थलांतरितांना हाकलणं दोन्ही जीवनाविरुद्ध म्हटलं, कमी वाईट कोण ते बघा, सद्सद्विवेकाने ठरवा म्हणाले, नाव नाही घेतलं. मला हे बरं वाटलं. मत्तय २५ मध्ये प्रभू भुकेल्याबद्दल, परक्याबद्दल, तुरुंगातल्याबद्दल विचारतो, तर मी पण उमेदवाराला तेच विचारणार ना, झोपडपट्टीतल्या पाण्याचं काय केलंस, बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल स्टेजवर काय बोलतोस.

मग बसले उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचायला. निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळ्यांची असतात, फॉर्म २६, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी सगळं. नुसता केसेसचा आकडा बघू नका, कलमं बघा. जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहितेची) १४३, १८८ असली तर बहुतेक वेळा मोर्चा-आंदोलन असतं, ३८४ असेल तर ती खंडणी आहे. आमच्याकडे एका बाईंवर दोन केसेस, दोन्ही आंदोलनाच्या. एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारावर शून्य, एकदम स्वच्छ. मामांचा अपक्ष पण स्वच्छ, पण पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला प्रार्थना करा.

मी त्या स्वच्छ माणसालाच देणार होते खरं सांगायचं तर. पण नेमकं तेव्हाच त्याची माणसं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे (पास्टरकडे) आली, कबरस्तानाची भिंत पडलीय ती बांधून देतो म्हणाली, फक्त रविवारी उपासनेनंतर साहेबांना दोन शब्द बोलू द्या. आता प्रार्थनास्थळात प्रचार आचारसंहितेतच बसत नाही, आणि भिंत म्हणजे लाचच की. सोसायट्यांना रंग, पेव्हर ब्लॉक मिळतात तसंच हे. कमिटीतले म्हणाले एकाच्या खिशात थोडी जातेय, सगळ्यांची भिंत आहे! निर्गम २३ मध्ये लाच डोळसालाही आंधळं करते असं आहे, तिथे लाच एकाला की सगळ्या मंडळीला असा फरक काही केलेला नाही. पाळकसाहेबांनी नाही सांगितलं. कुणाला मत द्या हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण त्या एका नकारानेच माझं ठरलं.

नोटाचा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या बटणाचा विचार आला होता, २०१३ पासून ते आहेच, पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो, मग मला ते अंग काढून घेण्यासारखं वाटलं. त्या दोन केसवाल्या बाईंना दिलं. त्यांचं सगळं पटतं असं अजिबात नाही, शिक्षणसंस्थांबद्दलची त्यांची मतं तर मला मुळीच मान्य नाहीत, ते मी त्यांना मेल करून कळवलंय.

मामांनी अपक्षालाच दिलं. भिंतीसाठी मंडळीत वर्गणी चालू आहे, अर्धीच झालीय, आणि कबरस्तानात कुत्रं शिरलं की मामा मला फोन करून सांगतात, तुझी तत्त्वं आत आलीत बघ.