वारीत पाय मुरगळला तेव्हा

2023 ची वारी. पाऊस लांबलेला, ऊन नुसतं भाजत होतं आणि पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, ते बघत बघत मी मान वर करून चालले होते, कडेला डांबर संपतं तिथं पाय गेला आणि घोट्यातून अशी कळ निघाली की डोळ्यापुढं अंधारीच आली. तरी दिंडीतल्या बायकांच्या खांद्यावर हात टाकून कसंबसं सासवड गाठलं.

सासवडला दोन मुक्काम असतात ते बरं. कॅम्पातल्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, हाड शाबूत आहे म्हणाले, लिगामेंट ताणलंय, क्रेप बँडेज बांधा आणि शक्यतो चालू नका. सोपानकाकांच्या पालखीचं प्रस्थान तिथूनच होतं, तो टाळमृदंगाचा गजर मी राहुटीत पाय पिशवीवर ठेवून ऐकला, खूप रडू आलं.

संध्याकाळी परभणीकडच्या एक आजी आल्या. वाटीत कोमट तेल. "माय, पाय दे इकडं." हलक्या हातानं लावत बसल्या, बोटं खरखरीत, नखांत तुळशीच्या कुंडीतली माती. झाल्यावर वाकून त्यांनी कपाळ टेकलं माझ्या पायावर! मी पाय ओढला, अहो आजी काय करता, तर म्हणाल्या, "गप बस, माउलीचा पाय हाय." वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, मीही म्हणत होतेच की, पण ते काय असतं हे त्या दिवशी कळलं.

पुढं जेजुरीपर्यंत काठी घेऊन चालले. पहाटे चारलाच निघायचं, मागच्या दिंड्या पुढं जात राहायच्या, दुपारपर्यंत आमची दिंडी गाठायची मला. टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकलं की दुखणं कमी जाणवायचं, खरंच. वाल्ह्यात मात्र सूज इतकी वाढली की दुसऱ्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये बसावं लागलं. नीरेत पादुकांचं स्नान चुकलं, त्याची रुखरुख अजून आहे. पण दुखणं अंगावर काढून चाला असं मी कुणालाच सांगणार नाही, त्या दिवशी बसले म्हणूनच पुढं चालता आलं.

लोणंद ते तरडगाव टप्पा लहान, तिथं परत उतरले. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं, दोन्ही बाजूंना वारकरी आणि मधून अश्व धावत गेला, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते. आजींनी थोडी माझ्या बँडेजवर लावली, न बोलता.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून सगळे उतारावरून धावतात. सत्तरीच्या आजींनी माझा हात सोडला, पदर खोचला, डोक्यावरचं वृंदावन एका हातानं धरलं आणि निघाल्या की धावत! मी काठी टेकत, एकेक पाऊल मोजत उतरले, माणसं दोन्ही बाजूंनी विठ्ठल विठ्ठल करत सुसाट जात होती. खाली पोचले तर आजी कडेला थांबलेल्या, धाप लागलेली, तुळस जागेवर.

"आलीस का माय," म्हणाल्या आणि हात पुढं केला.